ओट्यामागची भिंत

विलेपार्ले, मुलुंड, चेंबूर, बोरिवली आणि रुळांवरून आणखी पुढे ठाणे, डोंबिवली. मुंबईच्या या उपनगरांत तीन-चार मजल्यांच्या बिनलिफ्टच्या इमारती अजून बऱ्याच शिल्लक आहेत. १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा आणि १९६३ चा मालकी सदनिकांचा कायदा आल्यावर पुढच्या दोन-अडीच दशकांत अशा इमारती झपाट्याने उभ्या राहिल्या, आणि पगारदार माणसांनी फंडातून पैसे काढून, बायकोच्या बांगड्या मोडून तिथे घरं घेतली. या घरांतलं स्वयंपाकघर बहुधा एकाच साच्यातलं असतं. आठ फूट बाय नऊ फुटांची खोली, खिडकीलगत कडाप्प्याचा ओटा, ओट्याखाली उभ्या-आडव्या कडाप्प्यांचे उघडे कप्पे, कोपऱ्यात मोरी, डोक्यावर माळा आणि भिंतीला स्टीलची मांडणी. चाळीस-पन्नास वर्षांनी हे सगळं बदलायची वेळ येते तेव्हा घरात वाद रंगतो तो शटरच्या रंगावरून. लॅमिनेट चकचकीत घ्यायचं की मॅट, ट्रॉल्या किती, हँडल कुठलं. कोटेशनची पानंही याच गोष्टींनी भरतात. नळकाम आणि वीज यांची बोळवण शेवटी एका ओळीत होते. माझं म्हणणं असं की हा क्रम उलटा आहे. जुन्या घरात पैसा आधी पाणी, वाफ आणि वीज यांच्या वाटा नीट करण्यावर जावा, मग ओट्याच्या उंचीवर, आणि कपाटांवर उरेल तेवढाच.

हे म्हणणं अगदीच एकांगी नाही याचा एक पुरावा राष्ट्रीय इमारत संहितेत सापडतो. स्वयंपाकघराबद्दल ही संहिता थोडक्यात बोलते. जेवणाची सोय वेगळी असेल तर क्षेत्रफळ किमान ५ चौरस मीटर आणि रुंदी १.८ मीटर हवी. भांडी घासायची सोय हवी, आणि तिचं पाणी जाळी व ट्रॅपमधून सांडपाण्याच्या पाइपला जायला हवं. जमीन पाणी न झिरपणारी हवी. मोकळ्या हवेकडे उघडणारी किमान १ चौरस मीटरची खिडकी हवी. कपाटांचा यात उल्लेख नाही. संहिता लिहिणाऱ्यांना डबे कुठे ठेवायचे याची चिंता नव्हती असं नव्हे, पण ज्याच्यावाचून खोली स्वयंपाकासाठी अयोग्य ठरते ते त्यांनी नेमकं वेगळं काढलं. नूतनीकरण करताना आपण पुष्कळदा याच तीन गोष्टींवर घाला घालतो. खिडकीसमोर उंच कपाट उभं राहतं, मोरी बुजते, आणि जमिनीवर जुन्याच फरशीवर नवी फरशी चढते.

वाफेचा हिशेब मांडून पाहू, कारण तो सहसा कोणी मांडत नाही. गॅस जळतो तेव्हा उष्णतेबरोबर पाणीही तयार होतं. प्रोपेन आणि ब्यूटेन या दोन वायूंच्या मिश्रणाचा, म्हणजे एलपीजीचा, एक किलो जळला की जवळजवळ १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. तेव्हा १४.२ किलोचं एक सिलिंडर संपेपर्यंत स्वयंपाकघराच्या हवेत २२ लिटरच्या आसपास पाणी गेलेलं असतं. डाळीच्या कुकरची शिटी, भाताची वाफ, चहाचं आधण हे सगळं याच्या वर. पाइपच्या गॅसचं गणितही फार वेगळं नाही. एक घनमीटर जळला की दीड लिटर पाणी. सिलिंडर महिनाभर पुरत असेल तर रोज नुसत्या ज्योतीतून पाऊण लिटर पाणी निघतं. आता जुलै महिना घ्या. तापमान ३० अंश, आर्द्रता ८५ टक्के. या तापमानाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त ३० ग्रॅम बाष्प धरू शकते, आणि त्यातले पंचवीस-सव्वीस ग्रॅम तिच्यात आधीच आहेत. आपली आठ बाय नऊची, साडेनऊ फूट उंचीची खोली म्हणजे जेमतेम १९-२० घनमीटर. म्हणजे दारं-खिडक्या लावून घेतल्या तर त्या खोलीतली सगळी हवा मिळून आणखी शंभर ग्रॅम वाफसुद्धा सामावून घेऊ शकत नाही. पाऊण लिटरातलं उरलेलं पाणी कुठे जातं? थंड भिंतीवर, माळ्याच्या तळाला, बंद शटरच्या आतल्या बाजूला, आणि तिथल्या मिठात, रव्यात, पापडांत.

म्हणूनच जुना ओटा तसा होता. कडाप्पा पाण्याने फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही, आणि खालचे कप्पे उघडे असल्याने त्यांतून वारा खेळतो. सिंकखाली गळती झाली तर त्याच दिवशी ओल दिसते. या रचनेला कोणी आर्किटेक्टचं नाव लावलेलं नाही. दमट हवेत, सांडलवंडीच्या स्वयंपाकात काय टिकतं हे बघत बघत गवंड्यांनी ती बसवली. तिच्यात दोष नव्हते असं नाही. कडाप्पा हा चुनखडीचा दगड, त्यामुळे लिंबाची फोड, चिंचेचा कोळ किंवा कोकमाचं आगळ त्यावर सांडून राहिलं की पांढुरका डाग पडतो आणि तो घासून निघत नाही, कारण तिथला दगडच थोडा विरघळलेला असतो. आम्लाच्या बाबतीत कोटा आणि संगमरवर हे त्याचेच भाऊ. ग्रॅनाइटला आम्लाचा हा त्रास नाही, त्यामुळे ओट्याचा माथा तेवढा ग्रॅनाइटचा करून घेणं हा या सगळ्या नूतनीकरणातला सर्वांत निर्विवाद खर्च म्हणता येईल. पण माथा बदलण्यासाठी खालचा सांगाडा फोडायलाच हवा असं मुळीच नाही.

ओट्याच्या जागी अंगभर शटर लावलेलं मॉड्युलर किचन आलं ते वेगळ्या हवामानातून. त्याचा मूळपुरुष, खरं तर मूळस्त्री, म्हणजे ऑस्ट्रियाची वास्तुविशारद मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की. १९२६ साली फ्रँकफुर्ट शहराच्या गृहनिर्माण योजनेसाठी तिने सुमारे १.९ मीटर बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं आणि तशी जवळजवळ दहा हजार स्वयंपाकघरं तिथे बसवली गेली. आगगाडीच्या डायनिंग कारमधल्या अरुंद मुदपाकखान्याचा अभ्यास, घड्याळ लावून मोजलेल्या हालचाली, आणि प्रत्येक डब्याला ठरलेली जागा असं ते शास्त्र. लिहोत्स्कीने पुढे मोकळेपणाने सांगितलं की हे स्वयंपाकघर आखेपर्यंत आपण स्वतः कधी स्वयंपाक केला नव्हता. गंमत म्हणजे तिच्या स्वयंपाकघराचं क्षेत्रफळ आपल्या उपनगरी स्वयंपाकघराइतकंच, साडेसहा चौरस मीटर. अमेरिकेत १९४० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात याच विचारातून 'वर्क ट्रँगल' आला: शेगडी, सिंक आणि फ्रीज यांच्यातलं अंतर प्रत्येकी चार ते नऊ फूट असावं. मोठ्या बंगल्यात या नियमाला अर्थ आहे. सत्तर चौरस फुटांच्या खोलीत ओट्यापाशी उभं राहून नुसतं वळलं तरी सगळं हाताशी येतं. तिथे पावलं वाचवण्याच्या नावाखाली पैसे घालवणं म्हणजे नसलेल्या रोगावर औषध घेणं. फ्रँकफुर्टच्या कोरड्या, थंड हवेत बंद कपाट धूळ अडवतं. आपल्याकडे ते ओल कोंडतं.

बंद कपाटांना माझा सरसकट विरोध नाही, पण ती कशाची आहेत हे विचारलं पाहिजे. पार्टिकल बोर्डच्या कडेला पाणी लागलं की तो फुगतो आणि पुन्हा मूळ जाडीला येत नाही. सिंकखालचं पहिलं शटर वाकडं होतं ते यामुळे. प्लायवुडमध्येही दोन जाती आहेत. साधं एमआर प्रतीचं प्लायवुड दमटपणा सोसतं, पाणी सोसत नाही. आयएस ७१० या मानकाचं मरीन प्लायवुड मात्र उकळत्या पाण्यात ७२ तास ठेवून त्याचा डिंक सुटतो का हे तपासलेलं असतं. दोन्हींवर तेच लॅमिनेट चढलं की बाहेरून ओळखू येत नाहीत, म्हणून प्लायवुड कापण्याआधी त्यावरचा शिक्का बघावा. शिवाय शटरखाली जी पट्टी जमिनीपर्यंत टेकवतात, तिच्यामागची चार इंचांची अंधारी, उबदार पोकळी झुरळांना फारच मानवते. स्वयंपाकघरातल्या त्या छोट्या तपकिरी झुरळाचं शास्त्रीय नाव जर्मन असलं तरी २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार त्याचं मूळ भारत-म्यानमारच्या पट्ट्यातलं आहे. तेव्हा युरोपी किचनमध्ये त्याला घरी परतल्यासारखं वाटत असेल तर नवल नाही. महाराष्ट्रात एक मधली वाट आधीपासून आहे आणि ती चांगली आहे: कडाप्प्याचा सांगाडा ठेवून त्यात स्टेनलेस स्टीलच्या ट्रॉल्या बसवायच्या, आणि सिंकखालचा कप्पा उघडा किंवा जाळीच्या दाराचा ठेवायचा. दिसायला मासिकातल्यासारखं दिसत नाही, एवढाच तिचा दोष.

आता भिंतीच्या आत. सत्तरच्या दशकात भिंतीत पुरलेले पाण्याचे पाइप जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे. जस्त झिजलं की आतून गंज चढतो, पोकळी अरुंद होते आणि नळाची धार बारीक होते. नव्या तोटीला पाच हजार घातले तरी ती धार जाड होत नाही. सांडपाण्याचे पाइप बिडाचे, आणि त्यांचे सांधे स्लॅबमधून जातात तिथेच पाणी झिरपायला लागतं. या झिरपण्याचं बिल दोन ठिकाणी फाटतं. एक, खालच्या घराच्या छतावर, आणि त्यातून होणारी भांडणं सोसायटीच्या सभांना नवी नाहीत. दुसरं स्लॅबमध्ये. सिमेंट काँक्रीटमधल्या सळईला पाणी आणि हवा मिळाली की ती गंजते, गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असतं, आणि आतून दाब येऊन गिलावा पोपड्यांनी सुटतो. सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींत पंधरा वर्षांवरील इमारतीचं पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांवरील इमारतीचं तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट सांगितलं आहे. त्या अहवालांतले फोटो पाहिले तर न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांखालचे स्लॅब पुन्हा पुन्हा दिसतात. म्हणून फरशी उखडलीच आहे तर सगळे जीआय पाइप काढून सीपीव्हीसीचे घालणं, नहाणी ट्रॅप बदलणं, ओल्या भागाचं वॉटरप्रूफिंग करणं आणि फरशी बसवण्याआधी तिथे २४ ते ४८ तास पाणी भरून ठेवून खालच्या मजल्यावर ओल येते का पाहणं, एवढं झाल्याशिवाय शटरचा रंग ठरवायला बसू नये. टाइल लावण्याआधी उघड्या पाइपांचे, शेजारी मोजपट्टी धरून, फोटो काढून ठेवले तर दहा वर्षांनी खिळा ठोकताना उपयोगी पडतात.

मोरीबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण नूतनीकरणात पहिला बळी तिचा जातो. दोन फूट बाय अडीच फुटांची ती जागा वाया जाते, तिथे फ्रीज बसेल, असा हिशेब असतो. पण पुरणाचं पातेलं, इडलीचं भांडं, गणपतीतली मोठी परात सिंकमध्ये मावत नाही, आणि भांडी घासायला येणाऱ्या बाईंना वीतभर खोल सिंकमध्ये वाकून ती घासावी लागतात. त्याहून वाईट तोडगा म्हणजे मोरी मागच्या छोट्या बाल्कनीत नेणं. बाल्कनीचा स्लॅब एका बाजूनेच धरलेला असतो आणि त्याचं मुख्य लोखंड वरच्या अंगाला असतं, म्हणजे बरोबर जिथे पाणी साचणार तिथे. खोलीतला स्लॅब खराब होतो तेव्हा खालून पोपडे पडून आधी इशारा मिळतो. बाल्कनीचं वरचं लोखंड गंजतं ते फरशीखाली, न दिसता. मोरी लहान करा, तिला कठडा काढून उतार द्या, पण ती खोलीतच ठेवा.

विजेचं काम त्या मानाने सरळ आहे. जुन्या स्वयंपाकघरात एक पंधरा अँपिअरचा आणि एक-दोन पाच अँपिअरचे पॉइंट असत, कारण चालवायचा होता फक्त मिक्सर. आज इंडक्शन २००० वॉट, मायक्रोवेव्ह १२०० ते १५००, किटली १५००. सोळा अँपिअरच्या एका सर्किटवर २३० व्होल्टला ३६८० वॉटच्या पुढे जाता येत नाही, म्हणजे ही तिन्ही उपकरणं एका वेळी लावली की मर्यादा ओलांडलीच. एक्स्टेंशन बोर्ड लावून ती वाढत नाही, फक्त वायर तापते. दोन स्वतंत्र सर्किटं, ४ चौरस मिलीमीटरची तांब्याची वायर, अर्थिंग, आणि ओल्या हातांची खोली असल्याने ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी. यात काटकसर नको.

दिसणाऱ्या गोष्टींपैकी एकीलाच मी वरचा क्रमांक देईन, ती म्हणजे उंची. अमेरिकेत ओट्याची उंची ३६ इंच असते आणि तिथली मापं घेऊन आलेले सांगाडे इथेही त्याच उंचीला बसवले जातात. भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटिमीटर, कोपर साधारण ९६ सेंटिमीटरवर. काम करायची पातळी कोपराच्या चार ते सहा इंच खाली असावी हा नियम लावला तर ओटा ३२ ते ३४ इंचांचा येतो. त्यावर टेबलावर ठेवायची गॅसशेगडी पाच इंच आणि पातेलं सहा इंच वाढवते, आणि फोडणी परतताना हात खांद्याच्या रेषेत येतो. म्हणून शेगडीखालचा भाग चार इंच खाली घ्यावा. पोळपाटालाही पाय असतात, हे सुतार विसरतो. आणि सिंकमध्ये हात उलट खाली जातो, तेव्हा तो भाग जरासा उंच चालतो. घरात स्वयंपाक दोघं करत असतील आणि त्यांच्या उंचीत फूटभर फरक असेल तर जो जास्त वेळ उभा राहतो त्याचं कोपर मोजावं. या मोजमापाला पैसे लागत नाहीत.

यावर पहिला आक्षेप येतो तो चिमणीचा. ताशी १००० घनमीटर हवा ओढणारी चिमणी लावली की वाफ आणि धूर दोन्ही गेले, मग खिडकीची काय गरज? कागदावर अशी चिमणी आपल्या खोलीतली हवा तासाला पन्नास वेळा बदलेल. पण जेवढी हवा बाहेर जाते तेवढी आत यावी लागते. दारं-खिडक्या बंद असतील तर पंखा आवाज करतो आणि ओढत काहीच नाही. डक्टला दोन-तीन वळणं दिली की ताकद आणखी घटते. आणि बिनडक्टची, कोळशाच्या फिल्टरची चिमणी वास कमी करते, वाफ मात्र तशीच खोलीत परत सोडते, कारण फिल्टरला पाणी धरून ठेवता येत नाही. खिडकीच्या वरच्या तावदानात बसवलेला नऊ इंची एक्झॉस्ट फॅन आणि समोरच्या दाराखाली फट, हा जुना उपाय स्वस्त आहे आणि चालतो. गॅससाठीही हवेची वाट लागते, पण ती दोन प्रकारची. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीवर पसरतो, म्हणून सिलिंडरच्या कपाटाला तळाशी झरोका हवा. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, तो छताकडे जातो. १९९५ साली महानगर गॅस कंपनी स्थापन झाल्यावर उपनगरांतली स्वयंपाकघरं हळूहळू सिलिंडरवरून पाइपवर आली, तरी अनेक ठिकाणी खालचाच झरोका राहिला आहे आणि वर सगळं बंद. गॅसचा पाइप भिंतीत किंवा बंद कपाटात गाडून टाकणं तर कधीच नको.

दुसरा आक्षेप साठवणीचा आहे आणि त्यात दम आहे. एप्रिल-मेमध्ये वर्षाचे गहू, तांदूळ, तूरडाळ भरायची, एरंडेल चोळून कोठ्यांत ठेवायची, ही पद्धत असताना सामान माळ्यावर आणि कोठ्यांत मावत होतं. आता वर्षाचं भरणं कमी झालं, पण एअर फ्रायर आला, तीन प्रकारची तेलं आली, चार प्रकारची पिठं आली. तरीही साठवण जमिनीलगत, ओलीजवळ करायची की उंच, कोरड्या भिंतीवर, हा निर्णय आपल्या हातात असतो. बाहेरच्या भिंतीला पावसाची ओल येते. आतल्या, बैठकीच्या बाजूच्या भिंतीवर डोक्याच्या उंचीला केलेली उथळ, नऊ इंच खोलीची कपाटं डब्यांची एकच रांग धरतात आणि मागे काही हरवत नाही. हीच भिंत पाडून 'ओपन किचन' करायची फर्माईश हल्ली होते. जुन्या लोडबेअरिंग इमारतीत ती भिंत वरच्या मजल्याचं वजन पेलत असू शकते, आणि नसली तरी मोहरीची फोडणी सोफ्याच्या कापडात मुरते. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत आणि सोसायटीची परवानगी यांच्याशिवाय त्या भिंतीला छिन्नी लागू नये.

शेवटचा आक्षेप सर्वांत व्यवहारी आहे: इमारत रिडेव्हलपमेंटला जाणार, मग पाइप बदलून करायचं काय? उपनगरांत ही चर्चा दहा-दहा वर्षं चालते, बिल्डर बदलतात, सभासद कोर्टात जातात, आणि तोवर घरात स्वयंपाक रोज दोनदा होतो. खरोखरच दोन-तीन वर्षांत जायचं असेल तर उलट शटर आणि लॅमिनेटलाच कात्री लावावी, कारण ते भिंतीबरोबर मोडीत निघतं. स्टीलच्या ट्रॉल्या आणि मांडणी उचलून नेता येतात, आणि धोक्याची वायर किंवा गळका सांधा दोन वर्षंही थांबत नाही. ज्यांच्यासमोर नव्या इमारतीचे नकाशे येतील त्यांनी कार्पेट एरियाबरोबर आणखी एक गोष्ट तपासावी: स्वयंपाकघराची खिडकी मोकळ्या आकाशाकडे उघडते की चार न्हाणीघरांच्या सामाईक डक्टमध्ये. करारावर सह्या होण्याआधी ती हलवून मागता येते, नंतर नाही.